ओळख पटली नाही

रमाकांत चाळके दवाखान्यात घडाघडा बोलत आणि घरी आले की मुके होत. बरं, उंबऱ्यात पाऊल टाकताक्षणी होत असंही नाही. अंगणात शेजारच्या पोंक्ष्यांना दोन शब्द ऐकवत, पायरी चढताना 'ही फरशी कुणी ओली ठेवली' म्हणून दरडावत, झोपाळ्यावर टेकत, आणि उज्ज्वलाबाई स्वयंपाकघरातून चहा घेऊन बाहेर आल्या की गप्प. तोंडातून चकार शब्द नाही. बोलण्याचं यंत्र बसवून घरी आणल्यापासून रोज हेच. आता अशा नवऱ्याच्या बायकोनं काय समजायचं, तुम्हीच सांगा.

उज्ज्वलाबाईंनी जे समजायचं ते समजून घेतलं होतं. शुक्रवारी दुपारी त्यांनी पुण्याला लेकीला फोन लावला.

"ऋजुता, तुमचं यंत्र झकास आहे हो. उगाच त्याला नावं ठेवू नका. ह्यांना माझ्याशी बोलायचं नाही, एवढंच आहे. नर्सबाईंशी बोलतात, रिक्षावाल्याशी बोलतात, पोंक्ष्यांच्या कुत्र्याशीसुद्धा बोलतात. मी दिसले की तोंडाला कुलूप. सोमवारी मुंडले डॉक्टरांकडे सही करायची आहे ना, ती मी करणार नाही. काढून टाका म्हणावं ती जाळी."

"आई, असं काय करतेस?"

"मी काय करतेय? जे करायचं ते तेच करतायत," उज्ज्वलाबाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

ऋजुतानं लगेच पहाटेच्या गाडीचं तिकीट काढलं. यंत्र तिच्या कंपनीचं होतं आणि वडलांचं नाव त्याच्या चाचणीत तिनंच रेटून घातलं होतं.

रमाकांत चाळके म्हणजे चिपळूणच्या एसटी स्टँडवरचे निवृत्त कंट्रोलर. उभी हयात त्यांनी लोकांना गाड्यांच्या वेळा सांगण्यात घालवली. दिवाळीनंतर पक्षाघाताचा झटका आला, उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. समजत सगळं होतं, पण मेंदूचा हुकूम जिभेपर्यंत पोचत नव्हता. डाव्या हातानं लिहायला बसले तर अक्षरांचा नुसता गुंता होई. मग दवाखान्यात त्यांच्या मेंदूवर, बोलण्याचे हुकूम जिथं तयार होतात तिथं, कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ जाळी बसवली. माणसानं बोलायचं मनात आणलं की ओठ आणि जीभ हलवण्याचे जे संदेश उठतात, ते ही जाळी टिपते आणि गळ्यात अडकवलेल्या काडेपेटीएवढ्या डबीला देते. डबी ते पुण्याच्या सर्व्हरकडे धाडते, कारण त्यांची उकल करायला लागणारी अक्कल डबीत मावत नाही. सर्व्हर त्यांचे शब्द करतो, शब्दांचा आवाज करतो आणि परत पाठवतो. सगळं इतक्या झटक्यात होतं की समोरच्याला वाटावं, माणूसच बोलतोय. यंत्राचं नाव 'वैखरी'.

आवाज कुठला द्यायचा, हा एक घोळ झाला होता. चाळक्यांच्या घरात कुणी कधी कुणाचं बोलणं रेकॉर्ड करून ठेवलं नव्हतं. शेवटी स्टँडवरच्या जुन्या घोषणा सापडल्या आणि त्यावरून आवाज घडवला. त्यामुळे रमाकांत 'जरा पाणी दे' म्हणाले तरी फलाटावर गाडी लागल्याचं जाहीर होतंय असं वाटे. पण आवाज त्यांचा होता, यात शंका नाही. दवाखान्यात तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा उज्ज्वलाबाई पदर तोंडाला लावून रडल्या होत्या.

चाचणीचा नियम असा होता, की ठरलेली मुदत संपली की सोबत राहणाऱ्या घरच्या माणसानं सही करून सांगायचं, यंत्र घरी उपयोगी पडतंय, ठेवा. सही नाही तर जाळी काढायची. आणि एकदा काढलेली जाळी पुन्हा बसत नाही. सोमवारी सही झाली नाही, तर रमाकांत चाळके जन्मभर मुके राहणार होते.

शनिवारी सकाळी ऋजुता पुण्याहून थेट हायवेजवळच्या दवाखान्यात उतरली. वडील व्यायाम आटोपून बाकावर बसले होते.

"आलीस? गाडी वेळेवर होती?" त्यांनी विचारलं.

"वेळेवर होती, बाबा."

"घाटात थांबली असेल. ते विजेवरच्या गाड्यांचे नवीन ड्रायव्हर चहाला फार थांबतात."

मुंडले डॉक्टर तिला बाजूला घेऊन म्हणाले, "घरी आवाज फुटत नाही असं ते म्हणतात, पण यंत्र व्यवस्थित आहे हे तुम्ही बघताच आहात. काही पेशंट ठरावीक माणसासमोर बोलत नाहीत. मनाचा भाग असतो. घरात आधी काही कुरबूर होती का?"

होती ना. झटका आला त्या आठवड्यात घरात अबोला चालू होता. उज्ज्वलाबाईंना पुण्याला लेकीजवळ राहायला जायचं होतं, रमाकांतांना चिपळूण सोडायचं नव्हतं. ऋजुतानं डॉक्टरांना ते सांगितलं आणि सांगितल्याबरोबर तिला वाटलं, आपण उगाच सांगितलं.

घरी जाताना रिक्षात रमाकांत सबंध रस्ता बोलत होते. पाग भागातल्या घराशी रिक्षा थांबली, पोंक्ष्यांच्या कुत्र्याला दोन शिव्या झाल्या. झोपाळ्यावर बसता बसता ते म्हणाले, "ऋजू, तुझ्या आईला जरा..." आणि तेवढ्यात उज्ज्वलाबाई चहाचे कप घेऊन बाहेर आल्या.

रमाकांतांचे ओठ किंचित हलले. आवाज नाही. गळ्यातल्या डबीवरचा हिरवा ठिपका लाल झाला होता.

"बघितलंस?" उज्ज्वलाबाई एवढंच म्हणाल्या. कप ठेवून आत गेल्या.

ऋजुता वडलांसमोर उकिडवी बसली. "बाबा, बोलायचा प्रयत्न करताय ना?" त्यांनी जोरानं मान हलवली, एकदा नाही, चारदा. ती आत जाऊन आईला म्हणाली, "अगं, ते प्रयत्न करतायत. मान हलवली त्यांनी."

"तुझ्यापुढं हलवतील. तू लेक आहेस."

"मग तू विचार ना."

"मला नाही काही विचारायचं." उज्ज्वलाबाईंनी कुकरचं झाकण असं काही लावलं की पुढं बोलायची सोय राहिली नाही.

ऋजुतानं लॅपटॉप उघडला. लाल ठिपका म्हणजे सर्व्हरनं डबीला दारात अडवलं, आणि वैखरीच्या दारावरचं काम बघणाऱ्या चमूत ती होती, म्हणजे दुखणं तिच्याच प्रांतातलं होतं. ते काय ते जरा समजून घ्या, अवघड काही नाही. डबी आणि सर्व्हर ही दोन यंत्रं एका ठरलेल्या खिडकीतून बोलतात. तिला एपीआय म्हणतात. खिडकीवर कुणीही येऊन 'मी चाळक्यांची डबी' म्हणेल, म्हणून डबीला टोकन दिलेलं असतं. टोकन म्हणजे एसटीचा पासच. त्यावर कुणाचा, कधी दिला, कधीपर्यंत चालेल ते असतं, आणि खाली असा शिक्का असतो की खाडाखोड केली तर लगेच कळावं. दर वाक्याबरोबर डबी पास दाखवते. पास मुद्दाम अल्पायुषी ठेवलेला असतो, पाच-सात मिनिटांचा. संपला की डबी आपली वेळ घालून, सही करून नव्याचा अर्ज धाडते आणि नवा मिळवते.

इतका कडक कारभार कशाला? तर सुरुवातीच्या काळात एका भामट्यानं एका आजारी बाईचं टोकन चोरलं आणि तिच्या आवाजात तिच्या मुलांना फोन करकरून छळलं होतं. तेव्हापासून पासाची मुदत आखूड झाली. शिवाय खिडकीनं पास नाकारला तर का नाकारला ते सांगायचं नाही, असा कायदा झाला, कारण कारण कळलं की चोर शहाणा होतो. खिडकी फक्त एक आकडा फेकते, चारशे एक. अर्थ, ओळख पटली नाही. पाठवलेला अर्ज तिथल्या तिथं नष्ट होतो, तो ऋजुतालाही बघता येत नाही.

घरी आल्यावर डबीला नेमके हेच चारशे एक मिळत होते. जुना पास संपेपर्यंत बोलणं चाले, नवा मागितला की नकार. आणि उज्ज्वलाबाई आल्यागेल्याला चहा टाकल्याशिवाय स्वयंपाकघरातून बाहेर येत नसत. चहा व्हायला आणि पास संपायला एकच गाठ पडत होती. हे ऋजुताच्या ध्यानात आलं तेव्हा तिला आधी हसू आलं आणि मग रडू. पण नवा पास का नाकारतात, ते काही उमजेना, आणि कारण सांगितल्याशिवाय आई ऐकून घेईना.

तिनं सगळे जुने पास रद्द करून डबीला नव्यानं अर्ज करायला लावला. पुन्हा चारशे एक. पुण्याहून आणलेली कोरी डबी वडलांच्या गळ्यात घातली. तीही लाल झाली.

"डबी बदललीस, माणूस तोच आहे," उज्ज्वलाबाई येता जाता म्हणाल्या.

घरचं नेट दोषी म्हणावं तर त्याच नेटवरून लॅपटॉपला टोकन झक्क मिळत होतं. भिंतीवर ती पेटी होती, दिवे, पंखे, कुलूप, घड्याळ असा घरातला सगळा कारभार बघणारी. घरोघरी असते, सगळे तिला कारभारीच म्हणतात. डबीचं बोलणंही तिच्यातूनच बाहेर जाई. ऋजुतानं तीही बंद करून चालू केली. फरक शून्य. दिवस मावळला तेव्हा तिनं हात टेकले आणि इम्तियाजला निरोप ठेवला, उद्या अकराला बोलू.

इम्तियाज परकार तिचा सहकारी. डोकं थंड, आणि रविवारी काम म्हटलं तरी कुरकुर न करणारा, हे त्याहून दुर्मिळ.

रविवारी सकाळी उज्ज्वलाबाईंनी धुतलेली बॅग वाळत घातलेली ऋजुताला दिसली. "मी कराडला दादाकडे जाणार आहे थोडे दिवस," त्या म्हणाल्या. "ह्यांच्या जेवणाची सोय पोंक्षेबाई करतायत. मी नसले की घरात बोलतील तरी. त्यांना माझ्यामुळे मुकं राहायला नको."

झोपाळ्यावर रमाकांतांनी डावा हात उचलला, हवेत जोरजोरात हलवला आणि खाली टाकला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते पुसायला ऋजुता पुढं झाली, उज्ज्वलाबाई पाठमोऱ्या होत्या. ऋजुताला आईचा असा राग आला की काही बोलूच नये, आणि तशीच दयाही आली.

घड्याळात अकरा वाजून गेलेले दिसले, म्हणजे खरे अकरा व्हायला आले होते. चाळक्यांच्या घरात वाढलेल्या माणसाला ही वजाबाकी करावी लागत नाही, ती होऊन जाते. तिनं इम्तियाजला फोन लावला.

"पहिल्यापासून बघू," इम्तियाज म्हणाला. "डबीच्या आत शिर. वाच, काय काय दिसतंय. काही गाळू नकोस."

ती वाचू लागली. "क्रमांक बरोबर. किल्ली बरोबर. कारभारीला जोडलेली आहे. वेळ, अकरा बारा..."

"किती?"

"अकरा वाजून बारा मिनिटं."

"माझ्याकडे आत्ता अकरा वाजतायत."

"हो, ते आमच्या घरातलं घड्याळ दहा-बारा मिनिटं पुढंच अस..." ऋजुता बोलायची थांबली.

पलीकडून इम्तियाज हळूच म्हणाला, "अल्ला."

घड्याळ पुढं असतं हे ऋजुताला ठाऊक नव्हतं, असं थोडंच आहे! जन्मापासून ठाऊक होतं. त्याचा इतिहासही ठाऊक होता. उज्ज्वलाबाई खेर्डीच्या शाळेत शिक्षिका होत्या आणि त्यांची सकाळची गाडी रोज निसटायच्या बेतात असे. स्टँडवर स्वतःचा नवरा कंट्रोलर, पण 'कंट्रोलरच्या बायकोसाठी गाडी थांबवणार नाही' म्हणून ठणकावणारा. तेव्हा त्यांनी घरातलं घड्याळ पुढं केलं. पुढं कारभारी आली, तिची वेळ आपोआप येते म्हणे. बसवायला आलेल्या माणसाला उज्ज्वलाबाईंनी सांगितलं, "आपोआप नको. माझी मी लावीन." निवृत्त झाल्या तरी घड्याळ पुढंच राहिलं. आणि डबी, ती जिथं असेल तिथल्या कारभारीला वेळ विचारते. दवाखान्यात तिला खरी वेळ मिळे, रस्त्यात मोबाइलवरूनही. घरी ती उज्ज्वलाबाईंची वेळ अर्जावर घाली, आणि पुण्याची खिडकी म्हणे, हा अर्ज तर अजून न आलेल्या वेळेचा आहे, काहीतरी लबाडी आहे, हाकला.

"आपण मुभा वाढवू शकतो," ऋजुता म्हणाली. "पंधरा मिनिटांचा फरक चालवून घ्यायचा."

"आणि चोरानं जुना अर्ज पंधरा मिनिटं वापरला तर? तुझ्या बाबांच्या आवाजात कुणी काकूंना फोन केला तर?" इम्तियाज म्हणाला. "घड्याळच बरोबर करावं लागेल. पण चूक आपली आहे, ऋजू. घरातलं घड्याळ बरोबरच असणार, हे आपण कशावरून धरून चाललो? रत्नागिरीला माझ्या अम्मीचं पण पुढं असतं!"

ऋजुता स्वयंपाकघरात गेली. आई पोळ्या लाटत होती. तिनं सगळं सांगितलं, पास, खिडकी, वेळ, चहा. उज्ज्वलाबाईंचं लाटणं थांबलं.

"म्हणजे त्यांची वाचा मी बंद केली?"

"तू नाही गं. आम्ही. आम्हाला सुचायला हवं होतं."

"घड्याळ माझं ना पुढं?"

"हो, पण..."

"मग सरक बाजूला. मी करते."

पिठाच्या हातानंच त्या बाहेर आल्या. झोपाळ्याकडे त्यांनी बघितलं नाही. बघायचं धैर्य नव्हतं, खरं सांगायचं तर. कारभारीच्या काचेवर बोट ठेवून त्यांनी वेळ 'आपोआप'वर टाकली. घड्याळातली मिनिटं खटकन मागं आली. काचेवर कणकेचा ठसा राहिला. ऋजुतानं डबी बंद करून चालू केली. ठिपका लाल होता, लालच राहिला, आणि मग हिरवा झाला.

बाहेर पोंक्ष्यांचं कुत्रं भुंकत होतं.

"उज्ज्वला," फलाटावरची घोषणा व्हावी तसा खणखणीत आवाज घरात उमटला, "मी पुण्याला येणार नाही."

उज्ज्वलाबाई मटकन खाली बसल्या, तिथंच, फरशीवर. "नका येऊ!" त्या रडत रडत ओरडल्या. "कोण म्हणतंय या म्हणून! मेलं ते पुणं! पण तीन आठवडे माझ्या जिवाला घोर..."

"मी बोलत होतो," रमाकांत म्हणाले. "रोज बोलत होतो. चहा ठेवायचीस तेव्हा 'बस जरा' म्हणायचो. आवाजच फुटत नव्हता. मी रुसलेलो नाही, हे सांगायलासुद्धा आवाज लागतो, उज्ज्वला."

"मग मान हलवता येत नव्हती?"

"तू विचारलंस कधी, म्हणून हलवू? एकदा तरी म्हणालीस, अहो, रागावलात का? कप ठेवायचीस आणि पाठ फिरवायचीस."

उज्ज्वलाबाईंनी पदरानं नाक पुसलं. कणीक गालाला लागली होती.

"भीती वाटायची," त्या म्हणाल्या. "तुम्ही हो म्हणालात तर? मग मी काय करायचं होतं?"

रमाकांतांनी यावर काही म्हटलं नाही. डबीवरचा ठिपका हिरवाच होता. त्यांनी डावा हात पुढं केला, आणि उज्ज्वलाबाई तो धरून उठल्या आणि झोपाळ्यावर त्यांच्या शेजारी बसल्या. चहा कुणी टाकला नाही.

फोनवर इम्तियाज अजून होताच. "काय झालं? चालतंय का?"

"चालतंय," ऋजुता म्हणाली.

सोमवारी सकाळी चपला घालायच्या वेळी उज्ज्वलाबाईंची नेहमीची घाई सुरू झाली. चला, उठा, रिक्षा आली असेल, डॉक्टर वाट बघत बसायचे नाहीत, सही करायची आहे. रमाकांतांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, मग मान लांब करून स्वयंपाकघरात डोकावले. फडताळावर माळ्यावरून काढलेलं जुनं, सेलवर चालणारं घड्याळ पुसूनबिसून मांडलेलं होतं.

"अजून पुष्कळ वेळ आहे," ते म्हणाले. "ते तुझं घड्याळ पुढं आहे."

"असू दे," उज्ज्वलाबाई म्हणाल्या आणि त्यांच्या गळ्यातली डबी नीट केली. "त्याला पुण्याशी बोलायचं नाही."